जर्मनीत नर्स म्हणून जायचंय? नोकरीच्या पत्राआधी मान्यतेचं गणित समजून घ्या

प्रश्न विचारणाऱ्या ताई लातूरकडच्या. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्या, पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात सहा वर्षं आयसीयूत आहेत. एका एजन्सीने त्यांना जर्मनीतली नोकरी देऊ केली आहे. "तुम्ही फक्त बी१ पास व्हा, बाकीचं आम्ही बघतो," असं एजन्सीचं म्हणणं (बी१ ही जर्मन भाषेच्या परीक्षांमधली मधली पायरी), आणि करारात तीन वर्षं नोकरी न सोडण्याचं बंधन. ताई विचारतात: माझा डिप्लोमा तिथे चालेल का? आधी पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे डिप्लोमानंतरची नर्सिंगची पदवी, करून घेऊ का? त्यापेक्षा ब्रिटन बरं का? आणि नवरा व चार वर्षांची मुलगी माझ्याकडे कधी येऊ शकतील?

मी बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातल्या एका रुग्णालयात नर्स आहे. इथे आम्हाला प्राक्सिसआनलायटर म्हणतात, म्हणजे वॉर्डात शिकणाऱ्यांना हाताशी धरून शिकवणाऱ्या नर्सेस. केरळ, फिलिपिन्स, ट्युनिशिया आणि आता महाराष्ट्रातूनही आलेल्या मुलींना मान्यतेच्या परीक्षेपर्यंत नेणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देते.

डिप्लोमा चालतो. निर्धास्त राहा. जर्मनीत बहुतेक नर्सेस कॉलेजात जाऊन पदवी घेत नाहीत, त्या तीन वर्षांचं व्यावसायिक प्रशिक्षण घेतात. १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या नव्या नर्सिंग कायद्यात या प्रशिक्षणाचे तास ठरवून दिलेत: २१०० तास वर्गातले आणि २५०० तास प्रत्यक्ष कामाचे. तुमची तुलना या चौकटीशी होते. तुमचं जीएनएम जुन्या साडेतीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचं असो की २०१५ नंतरच्या तीन वर्षांच्या, दोन्ही चालतात. त्यामुळे फक्त जर्मनीसाठी पोस्ट बेसिकची दोन वर्षं घालवू नका. तो वेळ आणि पैसा जर्मन भाषेत घाला, फळ कितीतरी लवकर मिळेल. एएनएम, म्हणजे सहायक नर्सचा कोर्स झालेल्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. तो कोर्स पूर्ण नर्सच्या बरोबरीचा धरला जात नाही. त्यांनी नर्स म्हणून मान्यतेच्या आशेवर कर्ज काढू नये, इथेच पगारी प्रशिक्षणाला प्रवेश घेण्याचा विचार करावा.

आता मुख्य मुद्दा. तो नीट कळला तर बाकीच्या शंका आपोआप सुटतात. नोकरी, व्हिसा आणि मान्यता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या देणारेही तीन वेगळे आहेत. नोकरी रुग्णालय देतं. व्हिसा मुंबईचा जर्मन वाणिज्य दूतावास देतो. मान्यता, जिला इथे आनएर्केनुंग म्हणतात, ती तुम्ही ज्या राज्यात काम करणार त्या राज्याचं कार्यालय देतं. आमच्या राज्यात ते श्टुटगार्टला आहे, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात म्युन्स्टरला, बव्हेरियात आम्बेर्गला. एजन्सी जेव्हा "सगळं आम्ही बघतो" म्हणते, तेव्हा तिच्या हातात यातलं फार तर पहिलं असतं.

मान्यता पूर्ण झाली की उर्कुंडे नावाचं प्रमाणपत्र मिळतं. ते हातात पडेपर्यंत तुम्ही जर्मनीत नर्स नसता. तुम्ही मदतनीस असता, मग पुण्यात तुम्ही सहा वर्षं व्हेंटिलेटर सांभाळलेला असला तरीही. हा फरक मानापुरता नाही. वृद्धसेवेतल्या किमान वेतनाचे आकडे बघा: १ जुलै २०२५ पासून पूर्ण मान्यता असलेल्या नर्सला तासाला किमान २०.५० युरो, एक वर्षाचं प्रशिक्षण झालेल्या मदतनिसाला १७.३५ आणि प्रशिक्षण नसलेल्याला १६.१०. रुग्णालयांतली वेतनश्रेणी वेगळी असते, पण दरी तिथेही आहे. पूर्णवेळ कामाचा हिशेब केला तर ही दरी महिन्याला पाचशे युरोंच्या वर जाते. शिवाय कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना तीन वर्षांनी मागता येतो, पण ती तीन वर्षं कुशल कामगाराचा परवाना मिळाल्यापासून धरतात. मान्यतेच्या काळातला परवाना वेगळ्या कलमाखाली येतो, १६ डी म्हणतात त्याला, आणि त्यावरचे महिने या तीन वर्षांत धरले जात नाहीत. म्हणजे मान्यता जितकी लांबेल तितका तुमचा पगारही अडकतो आणि पुढचं सगळं आयुष्यही मागे सरकतं.

म्हणून एजन्सीला पहिला प्रश्न "मी कधी जाणार" असा विचारू नका. "विमानतळावर उतरल्यापासून माझ्या हातात उर्कुंडे पडेपर्यंत काय काय होणार, कोण करणार आणि कोणाच्या खर्चाने," हा प्रश्न विचारा. याचं नेमकं, लेखी उत्तर देणारा मालक चांगला. हसून "होईल हो सगळं" म्हणणाऱ्यापासून सावध राहा.

मान्यतेचं कार्यालय तुमचे विषय आणि तास जर्मन प्रशिक्षणासमोर ठेवतं आणि कुठे कमी पडतं ते लेखी कळवतं. या पत्राला डेफिझिटबेशाइड म्हणतात. भारतातल्या जवळपास प्रत्येक नर्सला ते मिळतं, बीएस्सी झालेलीलाही. त्याने खचून जाऊ नका, तुमचं शिक्षण हलकं ठरवलंय असा त्याचा अर्थ नाही. आपल्याकडे कम्युनिटी हेल्थ आणि मिडवाइफरी यांना जो वेळ मिळतो तो इथल्या नर्सच्या प्रशिक्षणात नसतो, कारण इथे सुईणीचा पेशाच वेगळा आहे. उलट वृद्धांची दीर्घकालीन शुश्रूषा, पुनर्वसन, घरी जाऊन द्यायची सेवा यांचे इथे शेकडो तास असतात आणि आपल्या गुणपत्रिकेवर ते शोधून सापडत नाहीत. उणीव बहुतेक वेळा याच विषयांत निघते. कामाच्या अनुभवाने काही उणिवा भरून निघू शकतात, कायद्यात तशी सोय आहे, पण त्यासाठी अनुभवाचं पत्र बोलकं हवं. "यांनी आमच्याकडे स्टाफ नर्स म्हणून समाधानकारक काम केले" एवढ्या एका ओळीचा काही उपयोग नाही. कुठल्या विभागात, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आठवड्याला किती तास, कोणत्या प्रकारचे रुग्ण आणि काय काय केलं, हे सगळं लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह घ्या. नोकरी सोडल्यावर असं पत्र मिळवणं महाकठीण असतं. आत्ता मेट्रन तुम्हाला ओळखतात, आत्ताच मागा.

कागदांबद्दल जरा थांबून सांगते, कारण आपल्या मुलींचे सर्वांत जास्त महिने इथेच वाया जातात.

लागतं काय? डिप्लोमा आणि प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, तीही चालू मुदतीतली. नूतनीकरण राहिलं असेल तर आधी ते करून घ्या. कॉलेजने दिलेला विषयवार तासांचा तक्ता, ज्यात वर्गातले तास वेगळे आणि क्लिनिकलचे तास वेगळे दिलेले असतील. पासपोर्ट, जन्मदाखला, लग्न झालं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला, सही केलेला बायोडेटा. पोलिसांचा दाखला आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्रही लागतं, पण ही दोन सर्वांत शेवटी काढा. ती ताजीच मागतात, आधी काढलेली वाया जातात.

आता नावाचा घोळ. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. नर्सिंगच्या डिप्लोमावर कधी आईचं नावही. कौन्सिलच्या नोंदणीवर माहेरचं नाव. पासपोर्ट लग्नानंतर काढलेला, म्हणून त्यावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. काही घरांत लग्नात पहिलं नावही बदललेलं असतं. आपल्याला हे सगळं इतकं सवयीचं की त्यात काही वावगं वाटत नाही. श्टुटगार्टच्या टेबलावर बसलेल्या अधिकाऱ्याला मात्र त्या दोन किंवा तीन वेगळ्या बायका दिसतात. तो फाइल बाजूला ठेवतो आणि खुलासा मागतो. खुलासा पुण्याहून तिथे पोचेपर्यंत दीड-दोन महिने गेलेले असतात. यावर उपाय आधीच करा. नाव बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली प्रसिद्धी आणि विवाहाचा दाखला अर्जालाच जोडा. नुसता शब्दांचा क्रम वेगळा असेल किंवा एखाद्या अक्षराचा फरक असेल, तर ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून तेही जोडा. आणि एकदा पासपोर्टवरचं नाव नक्की केलं की भाषेच्या परीक्षेच्या अर्जापासून नोकरीच्या करारापर्यंत सगळीकडे तंतोतंत तेच लिहा.

अपोस्टीलचा, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून मारायचा सरकारी शिक्का हजारो रुपये घेऊन मारून देणारे दलाल गल्लोगल्ली आहेत. भारत अपोस्टीलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, पण भारत सामील झाला तेव्हा जर्मनीने त्यावर हरकत घेतली. म्हणून आपल्या कागदांवरचा अपोस्टील या दोन देशांमध्ये लागू होत नाही. तुमच्या राज्याचं कार्यालय प्रतींवर कोणाचा शिक्का मागतं आणि भाषांतर कोणाचं चालतं, हे त्यांच्याच यादीत बघा आणि त्यानंतरच पैसे खर्च करा. भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्यायचं असतं. ओळखीच्या जर्मन शिकवणाऱ्या सरांनी केलेलं स्वीकारत नाहीत.

तासांचा तक्ता हे आणखी एक दुखणं. काही कॉलेजं तो द्यायला टाळाटाळ करतात, काही त्यासाठी भरमसाट पैसे मागतात, काही तर बंदच पडलेली आहेत. माझ्या हाताखालच्या एका मुलीला या एका कागदासाठी कॉलेजच्या किती खेपा घालाव्या लागल्या! अशी अडचण असेल तर आता एक चांगली वाट उघडली आहे. १ जानेवारी २०२४ पासून तुम्ही लेखी सांगू शकता की माझ्या विषयांची तासागणिक तुलना करू नका, मला थेट पुढच्या टप्प्याला, म्हणजे परीक्षेला किंवा उणिवा भरून काढणाऱ्या वर्गाला, पाठवा. तुलनाच होणार नसल्यामुळे निर्णय लवकर लागतो. यात गमावता ते एवढंच, की अनुभवाच्या जोरावर उणिवा कमी करून घेण्याची संधी सुटते. माझं स्पष्ट मत विचाराल तर बहुतेक भारतीय नर्सेसनी हीच वाट घ्यावी. एरवीही उणीव निघणारच असते. मग चार महिने तक्ते जमवत बसण्यापेक्षा ते चार महिने परीक्षेची तयारी केलेली बरी.

वेळ वाचवणारी दुसरी सोय मालकाच्या हातात आहे. जर्मनीतला मालक तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जर्मन वास्तव्य कायद्याच्या कलम ८१ ए खाली जलद प्रक्रियेसाठी अर्ज करू शकतो. तिची फी ४११ युरो आहे. सगळे कागद पोचल्यावर मान्यतेच्या कार्यालयाला साधारण दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो आणि व्हिसाची वेळही लवकर मिळते. ४११ युरो ही रुग्णालयाच्या दृष्टीने क्षुल्लक रक्कम आहे. मुलाखतीत सरळ विचारा, "जलद प्रक्रियेचा अर्ज तुम्ही करणार का?" उत्तरावरून मालक किती गंभीर आहे तेही कळतं.

भाषेचं बोलू. व्हिसासाठी बहुधा बी१ पुरतं, एजन्सीचं तेवढं खरं आहे. पण उर्कुंडेसाठी बी२, म्हणजे त्याच्या वरची पायरी लागते, आणि ती जर कामाची पाळी करून, परक्या थंडीत, नव्या घरात बसून गाठायची असेल तर त्यातले हाल विचारू नका. आमच्या वॉर्डात बी१ वर आलेली मुलगी पहिले तीन महिने फोन उचलायला घाबरते. आमच्या भागातले म्हातारे रुग्ण श्वेबिश बोलीत बोलतात, ती तर पुस्तकातल्या जर्मनपासून फार लांबची. म्हणून माझा आग्रह असा, की जमेल तर बी२ पुण्यातच पूर्ण करा. पुण्यात आणि मुंबईत मॅक्सम्युलर भवन आहे, तीच ग्योथे इन्स्टिट्यूट. तिथल्या बी१ आणि बी२ च्या परीक्षा चार भागांत देता येतात: वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं. एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा द्यायचा. नोकरी सांभाळून शून्यापासून बी२ पर्यंत जायला साधारण दीड वर्ष धरा. आठ महिन्यांत बी२ ची हमी देणाऱ्या क्लासची जाहिरात दिसली तर आधी तिथून पास झालेल्या एखाद्या मुलीशी जर्मनमध्ये पाच मिनिटं बोलून बघा.

आता येतो तो टप्पा जो मी रोज बघते. डेफिझिटबेशाइड मिळाल्यावर दोन पर्याय असतात. एक म्हणजे आनपासुंग्सलेअरगांग, म्हणजे उणिवा भरून काढणारा वर्ग आणि वॉर्डातलं काम, शेवटी एक चर्चावजा मुलाखत. दुसरा म्हणजे केन्टनिसप्र्युफुंग, म्हणजे ज्ञानपरीक्षा. तिच्यात एक तोंडी भाग आणि एक प्रत्यक्ष रुग्णांवरचा भाग असतो. नापास झाल्यास त्या-त्या भागासाठी एकदाच पुन्हा संधी मिळते. बोलताना घाबरणाऱ्यांना पहिला पर्याय सोपा वाटतो, पण तो लांबू शकतो. तुमच्यासारख्या आयसीयूचा पाया असलेल्यांना मी परीक्षा सुचवते. अर्थात रुग्णालय यातलं कोणतं चालवतं ते आधी विचारा, कारण अनेक ठिकाणी एकच पर्याय उपलब्ध असतो.

या परीक्षेत आपल्या हुशार मुली का अडखळतात, ते ऐका. औषधं त्यांना येतात, शरीरशास्त्र येतं, इसीजी वाचता येतो. त्या अडखळतात ते रुग्णाला अंघोळ घालताना.

आपल्याकडे रुग्णाचं अंग पुसणं, भरवणं, बेडपॅन देणं हे बहुतांशी नातेवाईक करतात किंवा मावशी करतात. नर्सच्या वाट्याला इंजेक्शनं, सलाइन, औषधं, नोंदी आणि डॉक्टरांचा राउंड. एकेका नर्सकडे इतके रुग्ण असतात की दुसरं काही शक्यच नसतं. इथे नातेवाईक फुलं घेऊन भेटायला येतात आणि तासाभरात जातात. रुग्णाच्या अंगाला हात लावण्याचं सगळं काम नर्सचं. सलाइनची सुई बऱ्याच ठिकाणी डॉक्टरच लावतो. आयसीयूतून आलेल्या मुलीला पहिल्या आठवड्यात वाटतं, मी एवढं शिकून हे करायला आले का? तो प्रश्न खरा आहे, आणि जाण्याआधीच त्याचं उत्तर स्वतःशी शोधून ठेवा. कारण इथल्या नर्सिंगचा गाभाच तो आहे. अंघोळीच्या त्या वीस मिनिटांत नर्स रुग्णाची त्वचा बघते, श्वास बघते, तो हात किती वर नेतो ते बघते, त्याला काय समजतं आणि काय नाही ते बघते. त्यावरून शुश्रूषेची योजना आखते. २०२० च्या कायद्याने हे काम, म्हणजे शुश्रूषेची गरज ठरवणं, ती आखणं आणि तिचा दर्जा तपासणं, फक्त मान्यताप्राप्त नर्ससाठी राखून ठेवलंय. मदतनिसाला ते करता येत नाही, डॉक्टरलाही नाही. परीक्षक नेमकं तेच तपासतात.

आणखी एक. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की आजाऱ्याची सेवा म्हणजे त्याला हलूसुद्धा न देता सगळं आपण करणं. इथे ती चूक धरतात. आजीला स्वतःचं तोंड पुसता येत असेल तर रुमाल ओला करून तिच्या हातात द्यायचा आणि थांबायचं. ती पाच मिनिटं घेईल, घेऊ द्यायची. तुम्ही प्रेमाने पटकन पुसून टाकलंत तर परीक्षकाच्या वहीत लिहिलं जातं की रुग्णाच्या क्षमतेचा विचार केला नाही. परीक्षेला बसणाऱ्या मुलींना मी सांगते: खोलीत शिरताना दार वाजवा, स्वतःचं नाव सांगा, पुढे काय करणार ते आधी बोला, परवानगी घ्या, पडदा ओढा, हात निर्जंतुक करा, आणि काम करताना गप्प राहू नका. आपल्या मुली हात सफाईने चालवतात आणि तोंड बंद ठेवतात, कारण मनात वाक्याची जुळवाजुळव चाललेली असते. परीक्षकाला तुमच्या मनातलं ऐकू येत नाही. बेडसोअर टाळण्याचे, पडण्यापासून वाचवण्याचे आणि वेदना व्यवस्थापनाचे इथे राष्ट्रीय मानक आहेत, तेवढे तीन जर्मनमधून तोंडपाठ करून या. आणि पुण्यातच, जमेल तेव्हा, एखाद्या रुग्णाचं सगळं अंग स्वतः पुसून बघा. मावशींकडून शिकण्यासारखं त्यात पुष्कळ आहे.

एजन्सी आणि करार याविषयी मी कडक बोलणार आहे. भारतीय कायद्याप्रमाणे, म्हणजे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे, परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो. ईमायग्रेट या सरकारी पोर्टलवर त्याचं नाव तपासता येतं. नाव नसेल तर बोलणं तिथेच थांबवा. नोंदलेल्या एजंटलाही उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. लाखांत बोलणारा कायदा मोडत असतो. जर्मन बाजूला २०२२ पासून नर्सेसच्या भरतीसाठी एक सरकारी गुणचिन्ह आहे. ते ज्याच्याकडे आहे त्याने भरतीचा खर्च नर्सवर टाकायचा नाही, तो मालकाने सोसायचा. तुमच्या एजन्सीकडे ते आहे का, विचारा. ट्रिपल विन नावाची सरकारी योजनाही आहे. जर्मन रोजगार संस्था आणि जीआयझेड ही जर्मन सरकारची विकास संस्था मिळून ती चालवतात, केरळात ती तिथल्या सरकारच्या नोर्का रूट्स संस्थेमार्फत चालते, आणि तिच्यात नर्सकडून पैसे घेत नाहीत. दुसऱ्या कोणाचा दर चढा वाटला तर तुलनेला हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा.

महाराष्ट्र शासनानेही २०२४ च्या फेब्रुवारीत बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, आणि त्यात नर्सेसचा समावेश आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, त्यामुळे इथल्या लोकांना मुंबईचं नाव परकं नाही, हा अनुभव सुखावणारा आहे. पण सरकारी करार असला तरी मान्यतेचे नियम सर्वांना तेच. कागद आणि बी२ चुकत नाहीत.

तीन वर्षांच्या बंधनाबद्दल. बंधन असणंच गैर आहे असं मी म्हणत नाही. मालक तुमच्या भाषेवर आणि मान्यतेवर खर्च करतो आणि त्याला तुम्ही काही काळ राहाव्यात असं वाटणं समजण्यासारखं आहे. पण तीन वर्षं मोजणार कुठून? उतरल्यापासून की उर्कुंडे मिळाल्यापासून? मधेच सोडलं तर किती रक्कम परत करायची, आणि ती दर महिन्याला कमी होत जाते का? परीक्षेत नापास झाले तर नोकरी राहते का? बी२ चा वर्ग आणि परीक्षेची तयारी पगारी वेळेत आहे की सुटीच्या दिवशी? पहिलं घर कोण देणार, भाडं किती? उर्कुंडे मिळाल्याच्या दिवसापासून नर्सचा पगार मिळेल असं लिहिलंय का? या प्रश्नांची उत्तरं करारात नसतील तर ती घालून घ्या. करार जर्मनमध्ये असेल तर भाषांतर मागा. सही करण्याआधी बॉनमधल्या जर्मन सरकारच्या मान्यता सल्ला केंद्राकडे, झेडएसबीए त्याचं नाव, तुमची बाब विचारून बघा. परदेशात राहणाऱ्यांना ते फुकट सल्ला देतात, इंग्रजीतही. आणि मूळ प्रमाणपत्रं कोणत्याही एजंटच्या ताब्यात द्यायची नाहीत. कधीच नाही.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: उर्कुंडे मिळाल्यावर ते अख्ख्या जर्मनीत चालतं. मिळण्याआधी मात्र तुमची फाइल एका राज्याची असते आणि परवाना त्या मालकाशी बांधलेला असतो. मध्येच राज्य बदललं तर फाइलही हलवावी लागते. म्हणून मैत्रीण बर्लिनला आहे म्हणून तिकडे जाऊ, असे विचार उर्कुंडेनंतर करा.

ब्रिटनचं विचारलंत. तिथला क्रम उलटा आहे. आधी इंग्रजीची आयईएलटीएस किंवा ओईटी परीक्षा, मग भारतातच संगणकावरची परीक्षा, मग तिथे पोचल्यावर दहा टप्प्यांची ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा, आणि नोंदणी. भाषा आधीच अर्धी येते हा मोठा फायदा. पण गेल्या दोनेक वर्षांत तिथली परदेशी नर्सेसची भरती खूप घटली आहे आणि व्हिसाचे नियम कडक होत चाललेत. इंग्रजीत तुमचा हात चांगला असेल तर परीक्षा देऊन ठेवायला हरकत नाही. आखाती देशांत डेटाफ्लो कंपनीकडून कागदपडताळणी आणि प्रोमेट्रिक ही संगणकावरची परीक्षा झाली की काम लवकर सुरू होतं, पैसाही बरा साठतो. मात्र तिथे कायमचं बस्तान बसवणं अवघड. तुम्हाला मुलीचं शिक्षण आणि नवऱ्याची नोकरी दोन्ही बघायचं आहे, म्हणून मी जर्मनीकडे झुकते. भाषेचं दीड वर्ष द्यायची तयारी असेल तरच.

राहिला कुटुंबाचा प्रश्न. कायद्याने मान्यतेच्या काळातही कुटुंब आणता येतं, पण पुरेसा पगार आणि पुरेशी जागा दाखवावी लागते. मदतनिसाच्या पगारात आणि वसतिगृहाच्या खोलीत ते बहुतेकींना जमत नाही. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत उर्कुंडे मिळाल्यावर, भाड्याचं घर हाती आल्यावर नवरा आणि मुलं आली. तुम्ही बी२ करून आलात, मालकाने जलद प्रक्रिया केली आणि परीक्षा पहिल्या फटक्यात निघाली, तर उतरल्यापासून साधारण वर्षभरात उर्कुंडे हाती पडून घर शोधायला लागता येतं. बी१ वर आलात तर दोन वर्षं मनात धरा, आणि तुमच्या मुलीच्या वयात दोन वर्षं म्हणजे बालवाडीतून पहिलीत. म्हणून सहीची घाई करू नका. नवऱ्यालाही ए१ चा, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पायरीचा वर्ग तुमच्याबरोबरच लावून द्या, जोडीदाराच्या व्हिसाला तेवढं जर्मन सहसा मागतात. मुलीचा पासपोर्ट तुम्ही पुण्यात आहात तोवर काढून ठेवा, दोघांच्या सह्या एकत्र असताना ते काम सोपं जातं. आणि तिच्या जन्मदाखल्यावर तुमचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळतं का, तेवढं आजच काढून बघा.